औषध निघालं कधी, नांदेडला पोचलं कधी

प्रत्येक औषधाला दोन तारखा असतात. ते जगात मंजूर झालं ती पहिली. ती पुस्तकांत छापली जाते. ते आपल्या तालुक्यातल्या आजाऱ्याच्या अंगात गेलं ती दुसरी. ती कुणी लिहून ठेवत नाही. मी नांदेडला डॉक्टर लेनजवळ उभं आयुष्य औषधांचं दुकान चालवलं. घर मूळचं लातूरचं. वडील गंजगोलाईत एका अडतीवर मुनीम होते. हिशेबाची सवय त्यांच्याकडून आली. दुसऱ्या तारखा मला कळत गेल्या त्या बिलबुकातून, फ्रिजच्या तापमानाच्या वहीतून आणि काउंटरपलीकडच्या माणसांच्या बोलण्यातून. या दोन तारखांमधलं अंतर कधी वाढलं, कधी घटलं आणि कुणामुळे घटलं, हा मराठवाड्याच्या आरोग्याचा इतिहास आहे असं मी मानतो. तो सांगायला एकच आजार घेतो: किडनीचा, शरीरात पसरलेला कॅन्सर. या आजारापुढे नेहमीची केमोथेरपी जवळजवळ निकामी ठरते. त्यामुळे त्यावरचे उपाय उशिरा आले, निराळ्या वाटेने आले आणि महाग होऊन आले.

आपल्याकडे लघवी लाल झाली की पहिल्यांदा तोंडी येतं, "उन्हाळी लागली." मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गोखरूचा काढा. तेवढ्यानं थांबलं नाही तर मुतखडा. आमच्या उन्हात आणि अपुऱ्या पाण्यात मुतखडे इतके होतात की ती शंका वावगी म्हणता येत नाही. पण खड्याची कळ माणसाला जमिनीवर लोळवते. किडनीतल्या गाठीचं रक्त बहुतेक वेळा काहीही न दुखता येतं, दोन दिवस येतं, थांबतं आणि महिन्यांनी पुन्हा येतं. थांबलं की माणूस पेरणीला लागतो. दुकानात येऊन "काका, उन्हाळीचं काही द्या" म्हणणाऱ्याला मी आधी विचारत असे, दुखतं का? "दुखत तर काहीच नाही हो," असं उत्तर आलं की पुडी न बांधता त्याला डॉक्टरकडे धाडायचं, सोनोग्राफी करून घ्यायला सांगायचं. सोनोग्राफी तालुक्याला येण्याआधी ही गाठ कळायची ती पोटावरून हाताला लागेल एवढी वाढल्यावर, नाहीतर फुफ्फुसात-हाडात गेल्यावर.

एक किडनी काढूनही माणूस जगतो, हे जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सिमोन यांनी १८६९ मध्ये ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेने दाखवून दिलं. गाठ किडनीपुरती असेल तर आजही शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. म्हणजे पुढची शंभर वर्षं प्रश्न एवढाच होता, की शस्त्रक्रिया करणारा हात कुठे मिळणार.

निजामाच्या राज्यात नांदेडकरांची वाट हैदराबादची. हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज लाइन १९०० च्या आसपास सुरू झाली आणि नांदेड तिच्यावर होतं. गाडीत बसलं की हैदराबादेतल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत जाता येई. लातूरची वाट वेगळी. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९११ मध्ये लातूरला आले आणि १९२७ मध्ये तीच छोटी गाडी कुर्डुवाडीहून मिरजेपर्यंत गेली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून चालू होतं. शस्त्रक्रियेसाठी त्याचं नाव दूरवर पोचलेलं. मराठवाडा निजामाचा आणि मिरज संस्थानिकांचं, पण आजाऱ्याला सरहद्द आडवी आली नाही. ज्या मिरजेला लातूरची माणसं जीव वाचवायला जात, त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आलं. जुन्या लोकांना त्याचं नवल वाटलं नाही. ती वाट त्यांच्या ओळखीची होती.

आमच्या घरातली आठवण त्याच गाडीची आहे. माझ्या एका चुलत आजोबांना लघवीतून रक्त जात होतं म्हणून मिरजेला नेलं. बरोबर दशम्या, लसणाची चटणी, फिरकीचा तांब्या आणि कमरेच्या कशात बांधलेले पैसे. तिथे त्यांची एक किडनी काढली. ते परतले, बैल हाकू लागले. काही वर्षांनी खोकल्यातून रक्त आलं तेव्हा डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, की आजार छातीत गेला आहे. या वेळी कुठे न्यायचं, असा प्रश्न घरात कुणीच विचारला नाही. नेण्यासारखं काही नव्हतंच, मिरजेत नव्हतं, मुंबईत नव्हतं आणि लंडनलाही नव्हतं. पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरपुढे लातूरचा शेतकरी आणि लंडनचा सावकार तेव्हा सारखेच निरुपाय होते. त्यांच्यातलं अंतर सुरू झालं औषध सापडल्यावर.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि आजाऱ्यांचं तोंड हळूहळू हैदराबादकडून मुंबईकडे वळलं. परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ पासून उभं होतं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्या वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने पुढे हे रुग्णालय बांधलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. आमच्या भागात आजही "टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की पुढचं कळतं. मीटरगेजच्या काळात त्यासाठी मनमाडला गाडी बदलावी लागे. आजाऱ्याला खांद्यावर घेऊन एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जावं लागे. नव्वदच्या दशकात लाइन रुंद झाली आणि देवगिरी, नंदिग्राम या गाड्या थेट मुंबईला जाऊ लागल्या. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट मोफत देते, सोबत्याला तीन चतुर्थांश सवलत. मुंबईत उतरल्यावर अनेकांना आसरा मिळतो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. हैदराबादची वाटही पुरती बुजली नाही. तिथलं मेहदी नवाज जंग कॅन्सर रुग्णालय १९५५ पासूनचं, आणि अंतर मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण २००७ मध्ये आंध्र सरकारने आरोग्यश्री योजना आणली तेव्हा देगलूर-बिलोलीच्या माणसाच्या लक्षात आलं, की बस आपल्याला नेते तरी कार्ड आपल्याला चालत नाही. आपलं रेशनकार्ड महाराष्ट्राचं.

दरम्यान मराठवाड्याच्या भूमीवरही काम उभं राहत होतं. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी १९६६ मध्ये लातूरला आले आणि विवेकानंद रुग्णालय सुरू केलं. त्याच संस्थेचं आज लातुरात कॅन्सर रुग्णालय आहे. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं. औरंगाबादचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं आणि कैक कुटुंबांची मुंबईची फेरी वाचली.

आता इम्युनोथेरपीकडे येतो, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडण्याच्या उपचाराकडे. त्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत आहे. विल्यम कोली नावाच्या तरुण सर्जनची एक सतरा वर्षांची रुग्ण १८९१ मध्ये हाडाच्या कॅन्सरने दगावली. ते मनाला लागून त्यांनी रुग्णालयाच्या जुन्या वह्या चाळायला घेतल्या. त्यांत एक नोंद सापडली: मानेवर कॅन्सरची गाठ असलेल्या एका गरीब जर्मन माणसाला त्वचेचा जंतुसंसर्ग होऊन भयंकर ताप आला आणि गाठ विरघळून गेली. पुढे त्याचं काय झालं हे वहीत नव्हतं. कोली गरिबांच्या वस्तीत दारोदार फिरले आणि त्यांनी तो माणूस हुडकून काढला. सात वर्षांनंतरही तो धडधाकट होता. मग कोलींनी कॅन्सरच्या गाठीत जंतू टोचून बघायला सुरुवात केली. इम्युनोथेरपीचा इतिहास बहुतेक जण इथूनच मोजतात.

मला कोलींच्या औषधापेक्षा त्यांचं दारोदार फिरणं जास्त मोलाचं वाटतं. कारण तसंच काम आमच्या शेजारी बार्शीला झालं. १९८७ मध्ये तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयातून भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, टाटा मेमोरियलच्या मदतीने. तिच्यात बार्शी तालुका होता आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे आपले दोन तालुके होते. १९८२ पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होतं. शहरात कॅन्सरची नोंद करायची तर रुग्णालयांच्या वह्या पुरतात. खेड्यातला आजारी मात्र रुग्णालयापर्यंत येतच नसे; वही कोरी राहिली तर आजारच नाही असं सरकारला वाटणार. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंचांना, शाळामास्तरांना भेटले, पारावर बसून कॅन्सरची लक्षणं समजावून सांगितली, कुणाला गाठ आहे, कुणाला रक्त जातं, कोण कशाने गेलं हे विचारत राहिले. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने ही त्या कामातली मोठी नावं. काही वर्षांत असं दिसून आलं, की नुसत्या या विचारपुशीमुळे बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या.

त्या पायावर उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास उभा राहिला. एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे त्यातून सिद्ध झालं. २००९ मध्ये तो अभ्यास अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगाच्या आरोग्यधोरणात त्याचा आधार घेतला गेला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दिलेलं हे ज्ञान आहे. हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण मराठवाडा हा नेहमी दुसऱ्याकडून घेणारा असं लिहिण्याची रीत पडली आहे.

किडनीच्या कॅन्सरवर पहिला खरा इम्युनोथेरपीचा उपाय आला तो इंटरल्युकिन-२ या रूपाने. पांढऱ्या पेशींना वाढायला लावणारं हे द्रव्य १९७६ मध्ये सापडलं. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी ते मोठ्या मात्रेत रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९९२ मध्ये पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी ते मंजूर झालं. ज्या २५५ रुग्णांच्या आधारावर मंजुरी मिळाली, त्यांतल्या साधारण १४ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या; थोड्यांच्या तर नाहीशा झाल्या आणि परतल्या नाहीत. पण औषध जीवघेणं होतं. रक्तदाब कोसळे, फुफ्फुसात पाणी भरे, अतिदक्षता विभागात झोपवूनच ते द्यावं लागे. माझ्या दुकानातून त्याची एकही कुपी कधी गेली नाही. त्याच्यासोबत इंटरफेरॉन होतं, आठवड्यातून तीनदा टोचायचं, हाडं मोडतील असा ताप आणणारं. ते मात्र मी मागवलेलं आहे. ते घेणारे लोक मोजके, मुंबईहून चिठ्ठी घेऊन आलेले, आणि बहुतेकांनी अर्ध्यावर सोडलेलं.

पुढची उडी गोळ्यांची. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारी सोराफेनिब डिसेंबर २००५ मध्ये आणि सुनिटिनिब जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ही इम्युनोथेरपी नव्हे, पण पुढचं सगळं समजायला हा टप्पा लागतो. घरी बसून घेता येणारी गोळी म्हणजे आमच्यासारख्या भागाला वरदानच वाटावं. जर्मनीच्या बायर कंपनीने सोराफेनिब २००८ मध्ये नेक्साव्हार या नावाने भारतात आणलं. एका महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २,८०,००० रुपये. कंधारकडचा एक शेतकरी आपल्या वडिलांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला होता. मी किंमत तोंडाने सांगितली नाही, कागदावर लिहून त्याच्याकडे सरकवली. त्याने आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, हे वर्षाचं आहे का?" महिन्याचं आहे म्हटल्यावर त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मला रामराम करून गेला.

याच आकड्यावर मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात खटला चालला. हैदराबादच्या नॅटको कंपनीने पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमाखाली अर्ज केला होता: औषध लोकांना परवडत नाही, पुरेसं मिळत नाही आणि इथे बनवलंही जात नाही, म्हणून ते बनवण्याचा परवाना आम्हाला द्या. ९ मार्च २०१२ ला पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी तो अर्ज मान्य केला. भारतातला हा पहिला सक्तीचा परवाना. नॅटकोने १२० गोळ्या जास्तीत जास्त ८,८८० रुपयांना विकायच्या, बायरला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन द्यायचं, आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट द्यायचं, असं आदेशात लिहिलं होतं. स्वामित्वधन पुढे अपिलात सात टक्के झालं, पण परवाना टिकला. २०१४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. दरम्यान सिप्लाने आपल्या सोराफेनिबची किंमत महिन्याला ६,८४० रुपयांवर आणली होती.

औषधाच्या धंद्यात मी किमती दोन-पाच टक्क्यांनी हलताना पाहिल्या आहेत. दोन लाख ऐंशी हजारांची वस्तू नऊ हजारांच्या आत आलेली एकदाच पाहिली. त्या आदेशानंतर नॅटकोचं सोराफेनॅट मी हैदराबादच्या घाऊक विक्रेत्याकडून मागवू लागलो. आमच्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीहून हे औषध रात्रीच्या गाडीने निघून सकाळी नांदेडला येई. सोराफेनिबने आजार पुरता जात नसे. आयुष्याला काही महिने मिळत. पण तेवढ्यात मुलीचं लग्न होतं, बांधाचा वाद मिटतो, माणूस आपल्या घरात आपल्या माणसांत राहतो. या महिन्यांची किंमत मला कुणी शिकवायला नको.

त्याच २०१२ मध्ये दुसरी गोष्ट घडली. २ जुलैला राज्य सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि त्या आठांत नांदेड होतं. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार बिनपैशांचा होता. लातूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, बाकी राज्याबरोबर मिळाली. नंतर योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं गेलं, आणि मराठवाड्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, शेक हे तिच्यात बसलं. सावकाराकडे न जाता, बायकोचं डोरलं न मोडता गाठ काढून आलेली माणसं मी त्या वर्षांत प्रथम पाहिली. मार्चमध्ये एका अधिकाऱ्याची सही आणि जुलैमध्ये सरकारचा एक निर्णय: चार महिन्यांत नांदेडच्या आजाऱ्याचं औषधापासूनचं आणि शस्त्रक्रियेपासूनचं, दोन्ही अंतरं घटली. त्यासाठी नवं औषध शोधावं लागलं नव्हतं.

मग आली आजची इम्युनोथेरपी. जपानमध्ये क्योटोला तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये पांढऱ्या पेशींवरचा पीडी-१ नावाचा रेणू सापडला. अमेरिकेत जेम्स ॲलिसन सीटीएलए-४ या दुसऱ्या रेणूवर काम करत होते. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. हे रेणू कशासाठी असतात? शेताच्या राखणीला कुत्रं असतं. घरधन्याची शीळ ओळखून ते गप्प बसतं, नाहीतर घरच्यांनाच चावेल. कॅन्सरची पेशी ही शीळ शिकून घेते. पांढरी पेशी तिच्यापर्यंत येते, शीळ ऐकते आणि परत फिरते. निव्होलुमॅबसारखं औषध पीडी-१ ला जाऊन चिकटतं, मग ती शीळ ऐकूच जात नाही आणि पेशी आपलं काम करते. औषध कॅन्सरला स्वतः मारत नाही. मारणारं शरीरच असतं.

निव्होलुमॅब नोव्हेंबर २०१५ मध्ये किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं. आधीची गोळी निकामी ठरलेल्या रुग्णांत त्याने आयुष्याचा मध्यक १९.६ महिन्यांवरून २५ वर नेला. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या जोडीला इपिलिमुमॅब आलं. मध्यम आणि जास्त धोक्याच्या रुग्णांत या जोडीने ४२ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या, सुनिटिनिबने २७ टक्क्यांच्या. आणि शंभरातल्या नऊ जणांच्या स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशीच झाली. ज्या आजारात माझ्या त्या चुलत आजोबांना कुठे न्यायचं हेच कुणी विचारलं नव्हतं, त्याच्याबद्दलचे हे आकडे आहेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा दुकान बंद करून बराच वेळ आत बसून राहिलो.

हे औषध नांदेडला पोचतं कसं, तेही सांगतो. ही काचेची छोटी कुपी असते. आत पाण्यासारखं, किंचित पिवळट झाक असलेलं द्रव. ते २ ते ८ अंशांतच ठेवायचं. गोठलं तर वाया, हलवलं तर वाया, उजेडात ठेवायचं नाही. थर्माकोलच्या पेटीत गार केलेल्या जेलच्या पिशव्या, त्यांचा थेट स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा, मग कुपीचा खोका. पेटी हैदराबादहून किंवा मुंबईहून निघाली की माझा फोन सुरू: कुठवर आली, कुणाच्या हातात आहे, उन्हात तर नाही ना. मे महिन्यात नांदेडचा पारा ४३-४४ ला असतो. पेटी हातात आली की झाकण उघडून आधी तापमापक बघायचा, वेळ आणि आकडा वहीत लिहायचा, बॅच नंबर बिलावर उतरवायचा आणि मगच कुपी फ्रिजमध्ये. वीज गेली तर जनरेटर. या पेटीसाठी लोकांनी सोयाबीनचं आख्खं बिल दिलेलं मी पाहिलं आहे, आणि पुढच्या मात्रेला जमीन गेलेली पाहिली आहे. एका मात्रेचं बिल तेव्हा लाखांत असे, आणि मात्रा दोन किंवा चार आठवड्यांनी पुन्हा. दीड लाखाच्या योजनेत वर्षाचा उपचार बसणारच नव्हता.

सलाईनमधून औषध जातं अर्ध्या तासात. खरी काळजी त्यानंतरची. जागी झालेली प्रतिकारशक्ती कधी आतड्यावर, कधी फुफ्फुसावर, कधी यकृतावर, कधी थायरॉइडवर चालून जाते, आणि तेही महिन्यांनी. हदगावच्या रुग्णाला घरी जुलाब लागले तर गावचा डॉक्टर नेहमीची गोळी देणार, धाप लागली तर न्यूमोनिया समजणार. खरा उपाय असतो स्टेरॉइड, आणि तो वेळेवर हवा. म्हणून कुपी देताना मी घरच्यांना एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून देत असे: या रुग्णाला इम्युनोथेरपी चालू आहे, जुलाब, धाप, कावीळ, फार थकवा यांपैकी काही झालं तर औषध सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. खाली फोन नंबर. हे कार्ड पाकिटात रेशनकार्डाजवळ ठेवायला सांगायचं.

किमतीवरचा विचारही पुन्हा परळलाच सुरू झाला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब अगदी थोड्या मात्रेत, तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिलं. नेहमीच्या मात्रेचा हा दहावा हिस्साही नाही. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६.३ टक्के होते, या जोडीवर ४३.४ टक्के झाले. २०२२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा निष्कर्ष किडनीच्या कॅन्सरला तसाच्या तसा लावता येत नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास लागेल. पण मात्रा कंपनीने ठरवली म्हणून ती शेवटची असं मानायचं कारण नाही, एवढं त्याने नक्की दाखवलं. सरकारनेही एप्रिल २०२३ पासून पेम्ब्रोलिझुमॅब या याच जातीच्या औषधावरचं मूळ सीमाशुल्क माफ केलं.

या सगळ्या इतिहासातून मला जे दिसतं ते असं. मराठवाड्यातल्या आजाऱ्याचं अंतर प्रयोगशाळेने एकटीने कधीच मिटवलं नाही. ते मिटलं ते माणसांनी घेतलेल्या निर्णयांमुळे: बार्शीत गावोगाव जाऊन नावं लिहायची ठरवली तेव्हा, डॉक्टर आपली डॉक्टरकी घेऊन लातूरला राहायला आले तेव्हा, अँटॉप हिलला एका अधिकाऱ्याने कायद्याचं कलम वापरलं तेव्हा, मंत्रालयाने पहिल्या आठांत नांदेड घातलं तेव्हा. पुढचे निर्णयही समोर दिसत आहेत. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत बार्शीसारखी गावोगाव फिरणारी कॅन्सर नोंदणी हवी, म्हणजे आपल्याकडे किडनीच्या कॅन्सरचे किती आजारी आहेत हे अंदाजाने बोलावं लागणार नाही. कमी मात्रेचा अभ्यास किडनीसाठी व्हावा आणि त्यात आपल्या जिल्ह्यांतले रुग्ण असावेत. उस्मानाबादच्या बायकांनी हे करून दाखवलेलं आहे. देशातल्या कॅन्सर रुग्णालयांनी एकत्र येऊन औषधांचा भाव ठरवण्याची सुरुवात नॅशनल कॅन्सर ग्रिडने केली आहे. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी ही इंजेक्शनं त्याच पद्धतीने घ्यावीत. आणि ती मुंबईला न जाता नांदेड-लातूरच्या सरकारी दवाखान्यात मिळावीत. अर्ध्या तासाच्या सलाईनसाठी सहाशे किलोमीटरचा प्रवास आणि दोन दिवसांची मजुरी कुणाची जाऊ नये.

परीक्षेच्या कसून तयारीच्या लातूर पॅटर्नने घराघरांतून मुलं डॉक्टर केली. त्यांतली कित्येक आज मोठ्या शहरांत हीच औषधं लिहून देतात. इथे फ्रिज आहे, सलाईन लावणारी नर्स आहे, औषध जपून आणणारे आम्ही आहोत. उरला आहे तो खरेदीचा निर्णय. तो घेणारी कार्यालयं मुंबईतच आहेत आणि २०१२ मध्ये चार महिन्यांत मुंबईतूनच असे दोन निर्णय निघालेले आहेत.